बुधवारी बंद पडणारी गाडी

आमच्या नाशिकच्या घरी एक छोटी पेट्रोल गाडी आहे. बाबांनी २००६ साली घेतलेली. पंधरा वर्षं भरली तेव्हा ती विकून टाका असं मी सुचवलं होतं. बाबांनी आरटीओत खेपा घालून तिचं पासिंग पाच वर्षांनी वाढवून आणलं आणि विषय संपवला. गाडीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. इतकी जुनी झालेली कुठलीही गाडी असं करू शकते.

ती काय करायची ते आधी सांगतो. मधूनच बंद पडायची. रोज नाही, दर आठवड्याला नाही. चालता चालता इंजिन थांबायचं. किल्ली फिरवली की सेल्फ बसायचा, इंजिन फिरायचं, पण धरायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटं गेली की पहिल्या सेल्फला चालू, काही झालंच नसल्यासारखी. आणि हे सगळं फक्त आईच्या हातून व्हायचं. बाबा चालवायचे तेव्हा गाडी शहाण्यासारखी वागायची. सुट्टीत मी पुण्याहून आलो की मी चालवायचो, तेव्हाही कधी काही झालं नाही.

आता यावरून आम्ही काय अनुमान काढलं असेल, ते वाचणाऱ्याला कळलंच असेल.

मार्च २०२२ मध्ये हे सुरू झालं. आई तेव्हा गंगापूर रोडवरच्या एका शाळेत ग्रंथपाल होती. दर बुधवारी शाळा सुटली की ती आजीचा डबा घेऊन नाशिकरोडला जायची. पहिल्यांदा गाडी बंद पडली त्या संध्याकाळी तिने मला फोनवर जे सांगितलं, ते मला अजून शब्दशः आठवतं, कारण नंतर मी ते मनात शंभरदा उगाळलंय. ती म्हणाली, "धक्का नाही बसला रे. दिवा विझावा तशी विझली. स्टिअरिंग एकदम जड झालं. सेल्फ मारला तर फिरत होती, पण धरत नव्हती."

मी म्हणालो, "आई, तू हाफ क्लचवर ठेवतेस ना गाडी, म्हणून होतं ते."

तिच्या त्या चार वाक्यांत निदानाचा निम्मा भाग होता. क्लच चुकीचा सुटला तर गाडी हिसका देऊन, थरथरून बंद पडते, कारण चाकं इंजिनाला जबरदस्तीने थांबवतात. हिसका बसला नाही, म्हणजे क्लचचा संबंध नाही. इंजिन आतूनच थांबलं. सेल्फ नीट फिरतोय, म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर ठीक आहेत. राहिल्या दोन शक्यता: पेट्रोल पोचत नाही किंवा प्लगला करंट येत नाही. आणि दोन्ही एका क्षणात, दिवा विझावा तसं थांबतंय, म्हणजे बहुधा बिघाड विजेचा आहे. नळी चोंदली असती तर गाडी आधी आचके देत, मिसिंग करत बंद पडली असती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे जमावं. माझ्याकडे ती पदवी होती, समोर साक्षीदार होता, आणि मी क्लच म्हणालो.

गॅरेज

बाबांनी गाडी अंबडच्या गॅरेजला नेली. मेकॅनिक चांगला माणूस आहे, आमची गाडी पहिल्यापासून त्याच्याकडेच जाते. त्याने सकाळी दहा वाजता गाडी काढली, एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर पाच किलोमीटर फिरवून आणली. काही नाही. प्लग साफ केले, बॅटरीचे टर्मिनल घासले. तीन आठवडे गाडी नीट चालली. "बघ, प्लगच होते," बाबा म्हणाले. मग एका बुधवारी ती मुंबई नाक्याजवळ बंद पडली. मग फ्युएल फिल्टर बदलला. पाऊस सुरू झाला आणि जून ते सप्टेंबर गाडीने एकदाही त्रास दिला नाही. "फिल्टरच होता," आता मीही म्हणालो. ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा दोनदा. मग कॉइल. मग थंडीचे चार महिने सुखाचे गेले आणि कॉइलला श्रेय मिळालं. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच. मग पेट्रोलचा पंप. एकूण अकरा हजारांच्या आसपास खर्च झाला.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, याला आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. मधूनच येणाऱ्या बिघाडात हा कावळा फार छळतो, कारण इथे फांदी तुटत नाही, उलट ती तुटणं थांबतं, आणि थांबलंय की नुसतं लांबलंय हे कळायला मार्ग नसतो. समजा गाडी दहा फेऱ्यांतून एकदा बंद पडते. तुम्ही काहीच दुरुस्त केलं नाही, नुसता बॉनेट उघडून नमस्कार केला, तरी पुढच्या दहाही फेऱ्या निर्विघ्न पार पडण्याची शक्यता ३५ टक्के आहे. तीस फेऱ्या नीट झाल्या तर ती सव्वाचार टक्क्यांवर येते, तेव्हा कुठे नमस्काराला गुण आला असं म्हणायची थोडी सोय होते. आम्ही दर वेळी तीन आठवड्यांत, म्हणजे आईच्या तीन बुधवारांत, निकाल लावत होतो.

पण या हिशेबापेक्षा महत्त्वाचं काहीतरी मला फार उशिरा लक्षात आलं. चौदा महिन्यांत आई मेकॅनिकशी एकदाही बोलली नव्हती. फोन बाबा करायचे. गाडी बाबा न्यायचे. ते सांगायचे, "मिसेसकडून मधे मधे बंद पडते." यात धक्का न बसणं नव्हतं, दिवा विझणं नव्हतं, सेल्फ फिरणं नव्हतं. साक्ष एका हातातून दुसऱ्या हातात जाईपर्यंत तिच्यातला पुरावा गळून पडला होता आणि उरला होता एक सूचक शब्द, "मिसेसकडून". मेकॅनिकने तो बरोबर ऐकला. जॉब कार्डवर त्याने लिहिलं: टेस्ट ड्राइव्ह ओके.

द्वारका

मे २०२३ मध्ये, दुपारी एकच्या सुमारास, गाडी द्वारका चौकात बंद पडली. ज्यांना नाशिक माहीत आहे त्यांना याहून जास्त सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जिथे भेटतात, तिथे पुलाखाली बसेस, ट्रक, रिक्षा आणि दुचाक्या चारी बाजूंनी एकमेकांत घुसतात. आई त्या गर्दीच्या मधोमध पंचवीस मिनिटं बसून होती. मागचे हॉर्न वाजवत होते. एक जण काचेवर टकटक करून म्हणाला, "मावशी, येत नाही तर आणता कशाला?" ट्रॅफिक हवालदाराने दोन रिक्षावाल्यांना हाताशी घेऊन गाडी ढकलून कडेला लावली आणि टोचन बोलावू का विचारलं. तोवर गाडी चालू झाली. आता चालू झालेली गाडी बंद पडली होती, हे कोणाला पटवणार?

मला तिने तिथूनच फोन केला होता. मी मीटिंगमध्ये होतो. बाहेर येऊन हळू आवाजात बोललो. काय बोललो ते मला लिहायचं नव्हतं, पण ते वगळलं तर या लेखाला अर्थ उरत नाही. मी म्हणालो, "आई, जमत नसेल तर राहू दे ना. रिक्षाने जात जा."

त्यानंतर आईने गाडी चालवली नाही. आम्ही तिला थांबवलं नाही. उलट घरात थोडं हायसं वाटलं.

एक गोष्ट मला पुढे बाबांकडून कळली. मे महिन्याआधी दोन-तीन महिने आई पहाटे सहा वाजता गाडी घेऊन जवळच्या मैदानावर जायची आणि क्लचची प्रॅक्टिस करायची. चौदा-पंधरा वर्षं गाडी चालवणारी बाई. पहाटेच्या गारव्यात गाडी अर्थातच एकदाही बंद पडायची नाही, आणि त्यावरून तिला वाटायचं, जमतंय, आता चुकणार नाही. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास तिने आमच्या सांगण्यावरून सोडला होता.

त्याच रस्त्याने

ऑक्टोबरमध्ये आजी आजारी होती म्हणून मी आठवडाभर घरून काम करत होतो. गाडी नुसती पडून होती, म्हणून एका दुपारी आजीचा डबा मी घेऊन निघालो. कॉलेज रोडला एक काम होतं, ते उरकलं. मुंबई नाक्याजवळ औषधांसाठी दहा-बारा मिनिटं थांबलो. पुढे गर्दीत रांगत द्वारकेला पोचलो आणि इंजिन थांबलं. हिसका नाही. थरथर नाही. डॅशबोर्डवरचे लाल दिवे लागले, स्टिअरिंग दगडासारखं झालं. ब्रेक दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला कडक झाला. दिवा विझावा तशी विझली होती.

किल्ली ऑन केली तर मागच्या सीटखालून पेट्रोलच्या पंपाचा दोन सेकंद घूं असा आवाज आला. म्हणजे पंप आणि त्याचा रिले जिवंत होते. सेल्फ मारला, इंजिन फिरलं, धरलं नाही. पंचवीस मिनिटांनी पहिल्या सेल्फला चालू.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात आईला सांगायला गेलो तेव्हा माझं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं. गॅस सिलिंडर कधी लावला, दूध किती घेतलं, हे ती त्या चौकोनांत लिहिते. जुनी कॅलेंडरं ती टाकत नाही. मी ती मागितली. मार्च २०२२ पासून मे २०२३ पर्यंत अकरा चौकोनांत बारीक अक्षरात लिहिलं होतं: "गाडी", आणि पुढे वेळ. अकरापैकी नऊ बुधवार. सगळ्या वेळा दुपारी साडेबारा ते दोनमधल्या. महिने मार्च, एप्रिल, मे आणि ऑक्टोबर. उरलेल्या दोन नोंदींपैकी एक मावसबहिणीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायच्या दिवशीची, दर दहा मिनिटांनी थांबून निघण्याची.

ही नोंद चौदा महिने भिंतीवर टांगलेली होती. मी दर सुट्टीत तिच्याखाली उभा राहून चहा प्यायलोय.

नोंद वाचायला अवघड नव्हती. उष्णता, आणि छोटा थांबा. चालत्या गाडीचं इंजिन पाण्याने, पंख्याने आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याने थंड राहतं. गाडी बंद केली की हे तिन्ही थांबतात, पण तापलेल्या लोखंडातली उष्णता बॉनेटखाली पसरतच राहते. म्हणून बंद केल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं आजूबाजूच्या सुट्या भागांसाठी चालत्या गाडीपेक्षाही कठीण असतात. लगेच निघून गर्दीत रांगलो तर त्यांना गार व्हायला वेळच मिळत नाही. बाबा रविवारी पहाटे सलग त्र्यंबकेश्वरला जातात. मी रात्री मोकळ्या रस्त्यावर चालवायचो. मेकॅनिकने सकाळी दहाला, थंड गाडी. आम्ही तिघांनीही गाडी तपासली होती, पण आईची गाडी कोणीच तपासली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडर घेऊन गॅरेजला गेलो. मेकॅनिकने ते नीट पाहिलं आणि म्हणाला, "क्रँक सेन्सर बघू." इंजिनाचा दांडा कुठल्या क्षणी कुठल्या अंशात आहे हे हा सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. ते कळलं नाही तर कॉम्प्युटर ना ठिणगी देत, ना पेट्रोलची फवार. आमच्या सेन्सरच्या आत केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं आहे. त्याने सेन्सर काढून मीटर लावला: साडेपाचशे ओहम, अगदी बरोबर. मग आम्ही घरून हेअर ड्रायर आणला आणि सेन्सर तापवला. चार-पाच मिनिटांनी आकडा गेला. मीटर म्हणत होता, तार तुटलेली आहे. पंख्यापुढे धरला, गार झाला, आकडा परत आला. पुन्हा तापवला, पुन्हा गेला. तीनदा केलं, तीनदा तेच. आतल्या तारेची चीर तापल्यावर उघडत होती आणि गार झाल्यावर मिटत होती. नवा सेन्सर साडेअकराशे रुपयांना आला.

प्लग, फिल्टर आणि कॉइलच्या वेळी आम्हाला जे मिळालं होतं ते ज्ञान नव्हतं, हे तेव्हा कळलं. तिथे बिघाड नुसता परत आला नव्हता. इथे तो आम्ही बोलावला तेव्हा आला आणि घालवला तेव्हा गेला. आपल्या जुन्या तार्किकांनी याला अन्वय-व्यतिरेक म्हटलंय: हे असलं की ते असतं, हे नसलं की ते नसतं.

नसणं कसं कळतं?

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मला पडलेला प्रश्न गाडीचा नव्हता. आम्ही तिघं पुरुष, त्यातले दोघे यंत्रांतले जाणकार, इतक्या खात्रीने इतके चुकलो कसे?

"मला दिसलं नाही" यावरून "ते नाही" इथवर आपण कधी जाऊ शकतो, हा प्रश्न भारतीय दर्शनांत फार बारकाईने चर्चिला गेलाय. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी अभावाच्या ज्ञानाला वेगळं प्रमाण मानलं. पुढे अद्वैत वेदान्त्यांनी ते अनुपलब्धी या नावाने स्वीकारलं. नेहमीचं उदाहरण घटाचं. समोरच्या जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तिथे घट नाही हे मला कळतं. पण खोलीत अंधार असेल तर? तेव्हाही घट दिसत नाही, पण त्यावरून तो नाही असं म्हणता येत नाही. म्हणून त्यांनी अट घातली: अनुपलब्धी योग्य हवी. म्हणजे, वस्तू तिथे असती तर ती मला दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. ही अट पुरी झाली तरच न दिसणं हा पुरावा. नाहीतर ते नुसतं न दिसणं.

हे वाचलं तेव्हा मला अंबडची ती टेस्ट ड्राइव्ह आठवली. सकाळी दहा, थंड इंजिन, मोकळा रस्ता. अंधाऱ्या खोलीत घट शोधून आम्ही "ओके" लिहिलं होतं. दोष सापडला नाही आणि दोष नाही, या दोन वाक्यांत जे अंतर आहे, त्यात आईचं गाडी चालवणं बुडालं.

माझ्या धंद्यात हे रोज होतं. कोणी वापरणारा तक्रार करतो की पान मधेच अडकतं. आम्ही आमच्या वेगवान लॅपटॉपवर, ऑफिसच्या वेगवान नेटवर ते उघडून बघतो, आणि "कॅनॉट रिप्रोड्यूस" लिहून तक्रार बंद करतो. तपासायला गेलं की पळणाऱ्या अशा चुकांना आमच्याकडे गमतीने हायझेनबग म्हणतात. जिम ग्रे यांच्या १९८५ सालच्या एका अहवालाने तो शब्द रूढ केला. नावात विनोद आहे, आणि विनोदामुळे एक गोष्ट झाकली जाते. चूक आपल्याला बघून पळत नसते. ती तिच्या जागी असते, आपण भलत्या जागी उभे असतो.

यात जीवही जातात. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही गाड्यांची इग्निशनची किल्ली चालत्या गाडीत सैल पडून मागे सरकायची. इंजिन बंद, स्टिअरिंग आणि ब्रेकचं बळ गेलं, आणि अपघात झाला तर एअरबॅगही उघडत नसे. गाड्या चालता चालता बंद पडतात अशा तक्रारी कंपनीकडे वर्षानुवर्षं येत होत्या, पण गाडी बंद पडणं ही सुरक्षेची नव्हे, ग्राहकाच्या सोयीची बाब धरली गेली. २००५ साली डीलर्सना पाठवलेल्या सूचनेत म्हटलं होतं की चालक उंचीने कमी असेल आणि किल्ल्यांचा जुडगा जड असेल तर असं घडण्याची शक्यता जास्त. म्हणजे दोष बटणात होता, आणि सूचनेत त्याचा पत्ता चालकाचा गुडघा आणि किल्ल्या असा लिहिला गेला. २०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने अखेर १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

ती सूचना वाचताना मला माझाच आवाज ऐकू आला. हाफ क्लचवर ठेवतेस ना.

विश्वास कशावर ठेवायचा?

बाबांना मी हे सगळं बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, पण प्रत्येकाच्या प्रत्येक तक्रारीवर विश्वास ठेवायचा म्हटला तर जगणं मुश्किल होईल." हा आक्षेप खरा आहे. लोक चुकतात, बहाणे करतात, ऐकीव सांगतात. मेकॅनिककडे रोज असे दहा जण येतात ज्यांना त्यांच्या गाडीत भूत शिरल्यासारखं वाटतं. आईचाही एक अंदाज साफ चुकला होता. ती म्हणायची, "पेट्रोलमध्ये भेसळ असणार." आम्ही हसायचो.

पण इथेच आमची गफलत झाली असं मला वाटतं. तक्रारीत दोन गोष्टी असतात: काय झालं, आणि ते का झालं. "का" मध्ये आई चुकली होती, आणि चुकण्याचा तिला हक्क होता, ती मेकॅनिक नाही. "काय" मध्ये ती आमच्यापैकी कोणाहीपेक्षा जाणकार होती, कारण ती तिथे होती. आम्ही तिच्या "का"ला हसलो आणि त्या हसण्यात तिचं "काय"ही फेकून दिलं.

न्यायदर्शनात विश्वासार्ह माणसाच्या शब्दाला प्रमाण मानलंय. असा माणूस म्हणजे आप्त. आणि आप्त कोण, याचं उत्तर वात्स्यायनाने आपल्या भाष्यात दिलंय: ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जी जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, सगळ्यांना सारखंच लागू आहे, असं तो पुढे मुद्दाम सांगतो. सांगणारा कोण, हा प्रश्न नाही. तो तिथे होता का आणि प्रामाणिक आहे का, हे दोनच प्रश्न. त्या दोन्ही परीक्षांत आई पहिल्या दिवशीच उत्तीर्ण होती. आम्ही घेत होतो ती तिसरीच परीक्षा. हीच गाडी बाबांच्या हातून दोनदा बंद पडली असती तर मी त्यांना क्लच नीट दाबा म्हणालो असतो का? नाही. मी म्हणालो असतो, "बाबा, गाडीत काहीतरी आहे." बाई चालवत होती, एवढ्यावरच आम्ही कारण ठरवलं होतं. मिरांडा फ्रिकर या इंग्रज तत्त्वज्ञ बाईंनी २००७ सालच्या आपल्या पुस्तकात या प्रकाराला अन्याय म्हटलंय, नुसती चूक नव्हे: सांगणाऱ्याविषयीच्या पूर्वग्रहामुळे त्याच्या शब्दाचं मोल कमी धरणं. मला तो शब्द आधी जड वाटला होता. पहाटेच्या मैदानावरची प्रॅक्टिस कळल्यावर वाटला नाही.

मग सगळं खरं मानायचं का? नाही. पण खरं मानणं आणि खोटं मानणं यांच्यामध्ये बरीच मोठी जागा आहे, आणि तिथे उभं राहणं हे कर्तव्य आहे असं मला आता वाटतं. "मला सापडलं नाही, पण तू सांगतेस ते झालं असणार" हे वाक्य बोलायला पैसे पडत नाहीत. आणि त्यापुढचं पाऊल: सांगणारी जिथे उभी होती तिथे जाऊन उभं राहणं. तिच्या वाराला, तिच्या वेळेला, तिच्या थांब्यांसकट. याची किंमत मोजून पाहिली. माझी एक बुधवारची रजा. चौदा महिन्यांत मी इतर कारणांसाठी सतरा रजा घेतल्या होत्या. चुकून विश्वास ठेवला असता तर एक दिवस वाया गेला असता. चुकून ठेवला नाही, तर ती द्वारकेच्या चौकात पंचवीस मिनिटं बसली.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगायला मला सगळ्यात जड जातं. ऑक्टोबरमधल्या त्या दुपारी मला वाटलं होतं, आता माझा आईवर विश्वास बसला. हे खरं नाही. माझा विश्वास गाडीवर बसला. इंजिन माझ्या हाताखाली थांबलं तेव्हा मला आईच्या शब्दाची गरजच उरली नव्हती. मी स्वतः पाहिलं होतं. स्वतः पाहिल्यावर मानणं याला दुसऱ्यावर विश्वास ठेवणं म्हणत नाहीत. विश्वासाची वेळ त्याआधीची चौदा महिन्यांची होती, आणि ती निघून गेली होती.

सेन्सर बदलून आल्यावर मी किल्ली आईपुढे ठेवली. सगळं समजावून सांगितलं, हेअर ड्रायरसकट. माफीही मागितली, माझ्या पद्धतीने, म्हणजे अर्धवट. तिने नीट ऐकलं. सेन्सर हातात घेऊन पाहिला. "एवढुसा?" म्हणाली. मग किल्ली फ्रिजवरच्या वाटीत ठेवली. "बरं झालं. ह्यांना त्रास नको व्हायला." ती अजूनही नाशिकरोडला रिक्षाने जाते. सवय गेली म्हणते. गाडीला दोन उन्हाळे झाले, एकदाही बंद पडलेली नाही.

परवा फोनवर ती म्हणाली, "तुला वाटेल मला भास होतोय, पण गीझरचा एमसीबी मधूनच पडतो." ही सुरुवात तिची पूर्वी नव्हती. मी विचारलं, कधी पडतो, त्याआधी घरात काय काय चालू असतं, पाऊस होता का, किती वाजले होते. ती आठवून आठवून सांगत होती. मी म्हणालो, "कॅलेंडरवर बघ ना, तारखा असतील."

"नाही रे," ती म्हणाली. "या वेळी लिहून नाही ठेवलं."

मी शुक्रवारची रजा टाकली आहे. तो सकाळी सव्वासहाच्या सुमारास पडतो, एवढं तिला आठवतंय.